आखाजीला आलेली मालगाडी

खानदेशात आखाजीच्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही. बाकी महाराष्ट्र त्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतो, सोनाराच्या दुकानात चक्कर मारतो आणि दुपारी आपापल्या कामाला लागतो. आमच्याकडे दिवाळी राहिली बाजूला, आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके टांगले जातात, सकाळी पितरांची घागर भरून झाली की पुरुषमाणसं पत्ते घेऊन बसतात. त्या एका दिवशी जुगाराला कुणी जुगार म्हणत नाही, घरातल्या म्हाताऱ्याही नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही, मी इथलीच आहे. माझं माहेर ब्राह्मणपुरीकडचं, तापीच्या अंगाचं. वडिलांची केळी, ऊस, थोडा कापूस. भाऊ शेतीत राहिले आणि मी परीक्षा देऊन रेल्वेत लागले. आमचे काका वडिलांना म्हणाले होते, पोरीला बँकेत बसवा, तिथे डोक्यावर पंखा तरी असतो. मला मिळाला मालधक्का. तिथे पंखा होता, पण तो फक्त होता.

मालधक्का ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नंदुरबार आणि नवापूर यांच्या मधल्या एका लहान स्टेशनात मुख्य रुळांपासून एक फाटा बाजूला निघतो, थोडं अंतर जातो आणि मातीच्या ढिगाऱ्यापाशी संपतो. त्या फाट्याला लागून डब्याच्या उंचीचा लांबच लांब ओटा, वर पत्रे, एका टोकाला माझी खोली. मालगाडीचे डबे या फाट्यावर उभे राहायचे, आजूबाजूच्या गावांचा माल चढायचा, खतं-बितं उतरायची. आलेला-गेलेला माल नोंदायचा, भाडं घ्यायचं, डब्यांना सील लावायचं, आणि डबे किती वेळ अडकून पडले ते लिहायचं, हे माझं काम. या कामाच्या माणसाला मालबाबू म्हणतात. बाईला बाबू कसं म्हणायचं, हा प्रश्न गावाने पहिल्याच आठवड्यात सोडवला आणि मी बाबूताई झाले.

धक्क्याच्या मागे एक नाला आणि नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती. धक्क्यावरच्या हमालांची टोळी त्या वस्तीतली. टोळीचा मुकादम साठीकडे आलेला, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की इंजिनाने भोंगा दिला तरी त्याचंच ऐकू यावं. वस्तीतली माणसं पूर्वी दिवाळी झाली की कोयते घेऊन गुजरातला ऊसतोडीला जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. घरांना कुलपं, कोंबड्या कुणाच्या तरी हवाली, आखाजी कुठल्या तरी उसाच्या फडात. धक्का चालायला लागला तसं ते थांबलं. बारा महिने वस्तीत चुली पेटायला लागल्या आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींना आखाजीला यायला घर मिळालं. मुकादम हे सगळं आपणच घडवलं असं सांगायचा. मी त्याला कधी खोडून काढलं नाही, कारण निम्मं खरं होतं.

मग दिवस पालटले. माल ट्रकने जाऊ लागला. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांचा मका आमच्याकडे उतरायचा, तो बंद झाला. खताची गाडी दुसरीकडे लागू लागली. फाट्याच्या रुळांवर तांबडा गंज चढला, ओट्यावर गावच्या बकऱ्या दुपारी बसू लागल्या आणि त्या हिवाळ्यात निम्मी टोळी पुन्हा कोयते घेऊन निघून गेली. मुकादम मात्र गेला नाही. रोज सकाळी यायचा, बकऱ्या हाकलायचा, ओटा झाडायचा आणि बिडी ओढत रुळांकडे बघत बसायचा.

एक दिवस वरचे साहेब तपासणीला आले. चहा पिता पिता म्हणाले, “या हंगामात इथून एक तरी गाडी भरून गेली नाही, तर धक्का बंद. फाटा उखडून नेऊ.” पाऊस पडेल असं वाटतं, अशा आवाजात म्हणाले. मुकादम दाराशीच उभा होता आणि त्याने ते ऐकलं.

मला संताप आला. बदली झाली असती तर माझं काही बिघडत नव्हतं, उलट नंदुरबारलाच मिळाली असती आणि रोजची पॅसेंजरची धावपळ वाचली असती. पण मी कपबशी उचलली आणि म्हटलं, “भरून जाईल, साहेब.” माझी सवयच आहे, आधी बोलून टाकायचं आणि मग ते करून दाखवायचं. आजवर या सवयीने मला तोंडघशी पाडलेलं नाही.

धानोऱ्याकडे त्या साली उन्हाळी कांदा चिक्कार झाला होता. सुटीच्या दिवशी नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली आणि खळ्याखळ्यावर फिरले. शेतकरी हसायचे. एक जण म्हणाला, “ट्रक बांधवर येस. तुमनी रेल्वे येस का बांधवर?” मी म्हटलं, “बांधवर येस नही. पन आसामलगून जास. ट्रकवालाले इचारी देखा, जाशी का आसामले.” शेवटी एक व्यापारी पुढे आला. पूर्वेकडे त्याची जुनी गिऱ्हाइकं होती, आणि हा कांदा रेल्वेने गेला तरच त्याला परवडणार होता. पूर्ण गाडीचा माल नव्हता, अर्ध्या गाडीचा होता. अर्धी गाडी द्यायला रेल्वे तयार होईना, तेव्हा वरच्या कार्यालयाशी मी फोनवर इतकी भांडले की पलीकडचा माणूस कंटाळून हो म्हणाला.

आता खरी गंमत इथे आहे. मागणी नोंदवली म्हणजे डबे अमुक दिवशी येतील असं नसतं. रिकामे डबे मोकळे झाले की येतात. तरी व्यापारी, शेतकरी, मुकादम आणि मी, आम्ही सगळे एकच गोष्ट धरून बसलो होतो, की गाडी आखाजीनंतर येणार. कुणी कुणाला विचारलं नाही. एकदा व्यापाऱ्याने उगीच शंका काढली, तर मुकादम त्याच्यावरच हसला. “आखाजीले कोन गाडी धाडस?” म्हणाला. गाड्या सोडणारी माणसं दूरच्या मुलखात बसतात, त्यांच्या कॅलेंडरात आखाजी असते का, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आखाजी जगभर असते, अशी खानदेशी माणसाची पक्की समजूत आहे.

कांदा मात्र आधीच येऊन पडला होता. आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं. जुना मोकळा होतो, नवा ठरतो. म्हणून शेतकऱ्यांनी जुन्या सालदाराच्या हातूनच गोण्या भरून घेतल्या आणि सणाच्या आधी धक्क्यावर रचून टाकल्या. सगळा ओटा कांद्याने भरला, माझ्या खोलीचं दार निम्मंच उघडत होतं.

आखाजीच्या सकाळी मी स्टेशनवर गेले ती हजेरी लावून पुढे ब्राह्मणपुरी गाठायच्या बेताने. हातात माहेरची पिशवी होती. स्टेशन मास्तर उत्तरेकडचे, नवे, फार अदबशीर. माझी वाटच बघत होते. म्हणाले, “मॅडम, आपकी गाडी आ रही है.”

“कौनसी गाडी?”

“प्याज की. आधे घंटे में लग जाएगी.”

मी पिशवी खाली ठेवली. “आज आखाजी है,” मी म्हटलं.

“वो क्या होता है?” त्यांनी विचारलं. सांगायला वेळ नव्हता.

डबे आले, फाट्यावर लागले, इंजिन सुटून निघून गेलं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत इंजिन परत येणार होतं. डबे भरले नाहीत तर रिकामे ओढून न्या, पुढच्या स्टेशनला मागणी आहे, असा निरोपही आला. रिकामी गाडी परत गेली असती तर साहेबांना आणखी काय हवं होतं? व्यापाऱ्याला फोन लावला. तो सासुरवाडीला होता, झोपेतच बोलला, “ताई, गाडी लागल्याची वेळ जरा उशिराची टाका ना, दंड तरी वाचेल.” मी म्हटलं, “भाऊ, वेळ घड्याळात दिसते तीच पडेल. तुम्ही तोंड धुवा आणि या.”

मग नाला ओलांडून वस्तीत गेले.

वस्तीत आखाजी ऐन रंगात आली होती. चिंचेला दोन झोके, त्यांवर नव्या साड्यांतल्या लेकी, एका बाजूला खापरावर पुरणाच्या पोळ्या पडत होत्या, आणि चिंचेच्या सावलीत गोधडीवर पत्त्यांचा डाव. मुकादम डोक्याला नवा रुमाल बांधून बसला होता. त्याच्या समोर त्याचा धाकटा जावई. हा नवापूरकडचा, तिथे कोंबडीखाद्याच्या गोदामात गोण्या वाहायचा. वस्तीतले आणखी चार-सहा जावईही असेच मऊ गोधड्यांवर मांड्या ठोकून बसलेले. आखाजीचा जावई म्हणजे देवच, त्याने फक्त खायचं आणि जिंकायचं.

“गाडी उनी,” मी म्हटलं.

मुकादमाने हातातलं पान तसंच धरलं. “कोनती?”

“आपली. कांदानी.”

“आज आखाजी शे, ताई.”

“मले माहीत शे. त्यासले माहीत नही.”

मग डावातला एक म्हातारा हमाल म्हणाला, “आखाजीले जो राबस, तो सालभर बैलना मायेक राबस.” बाकीच्यांनी माना हलवल्या. ही समजूत माझ्या माहेरीही आहे. आखाजीला जे कराल ते वर्षभर करावं लागतं, म्हणून तर त्या दिवशी सगळे गोड खातात आणि बसून राहतात.

मुकादमाचा चेहरा मात्र उतरला होता. त्याला उठायचं होतं, ते दिसत होतं. पण आखाजीला टोळीला कामाला लावणारा मुकादम म्हणून गावाने त्याला जन्मभर ऐकवलं असतं. “अन् मान्से कोठे शेत?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “निम्मी टोळी फडवर शे.” तेही खरंच होतं. होते तेवढे सगळे उठले असते तरी संध्याकाळपर्यंत डबे भरले नसते.

झोका थांबला. त्यावर मुकादमाची धाकटी लेक होती. तिने पाय जमिनीला टेकवला आणि बसल्या जागेवरूनच विचारलं, “बाबा, धक्का बंद व्हयना तर तू काय करशी?”

“काय करसू? कोयता उचलसू.”

“मंग पुढली आखाजीले मी कोठे येऊ? उसना फडमा?”

पत्ते खेळणाऱ्यांतला एकही जण वर बघेना. मुकादमाने रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

“आखाजीले जे करं ते सालभर पुरस म्हनतस ना?” ती पुढे म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण खापराजवळच्या बायकाही ऐकायला लागल्या होत्या. “मंग आज पत्ता खेळशात तर सालभर पत्ताच खेळशात. आज गोनी उचला.”

म्हाताऱ्या हमालाचीच समजूत तिने उलटी करून त्याच्या हातात दिली होती. मुकादमाने पानं गोधडीवर पालथी घातली आणि उठला. हातात चांगली पानं होती, असं तो पुढे कितीतरी महिने सांगत असे.

टोळी उठली, पण माणसं कमीच. मुकादम जावयांकडे बघायलाही तयार नव्हता. मी हळूच सुचवलं तर कानाला हात लावला. “जवाईले काम सांगानं म्हनजे पाप शे.” तेव्हा लेक झोक्यावरून उतरली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही उठतस का मी उठू?”

आखाजीला माहेरवाशिणीने गोणी उचलायची, याहून मोठी बेअब्रू त्या वस्तीत दुसरी नव्हती. जावई ताडकन उठला. तो उठला तसे बाकीचे जावईही चुळबुळत उठले. मुकादम पार गोंधळला. मी त्याला म्हटलं, “आबा, रेल्वेनी हद्दमा कोनी सासरा नही अन् कोनी जवाई नही. तठे सगळा हमाल.” असा काही नियम रेल्वेत नाही. पण मी सरकारी माणूस होते आणि ठासून बोलले.

त्या दिवशी जे पाहिलं ते आठवून मला अजून हसू येतं. मुकादम धक्क्यावर आला, ओट्याच्या कडेला एक रिकामी पेटी ओढून घेतली आणि डब्यांकडे पाठ करून बसला. जावई गोण्या वाहताहेत हे सासऱ्याने डोळ्यांनी बघायचं नाही, म्हणून. तोंड नाल्याकडे आणि हुकूम मागे. “थर तिरपा लावा. दारजवळ जागा सोडा, वारा खेळू द्या.” जावई सासऱ्याच्या पाठीमागून गोणी घेऊन जायचे, टोळीतले हमाल गालात हसायचे. लेकींनी चिंचेचा एक झोका सोडून आणला आणि धक्क्याच्या कडुनिंबाला बांधला. पुरुष राबतात म्हणून आखाजी थोडीच सोडायची. झोका चालू, गाणी चालू आणि गोण्याही चालू.

ऊन मी म्हणत होतं. डब्यांच्या लोखंडी दारांना हात लावता येत नव्हता. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात आमच्याकडे. त्या दिवशी त्याला तोटा नव्हता. दुपारी बायकांनी आमरसाचं पातेलं आणि पोळ्या धक्क्यावरच आणल्या. मीही तिथेच ओट्यावर बसून जेवले आणि भावाला फोन करून सांगितलं की यंदा माझी वाट बघू नका. तो चिडला. व्यापारी नवा सदरा घालून आला, त्याच्या मागोमाग धानोऱ्याचे काही शेतकरी. थोडा वेळ ते सावलीत उभे राहिले, मग एकाने सदरा काढून खांबाला अडकवला आणि ढिगावरून गोण्या पुढे द्यायला लागला. स्टेशन मास्तर मधून मधून येऊन बघून जायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं, “मॅडम, ये त्योहार हर साल ऐसे ही मनाते हैं?” मी हो म्हटलं.

दिवस कलला तेव्हा शेवटचा डबा उरला होता आणि माणसं थकली होती. इंजिन निघालं असा निरोप आला. हातपाय चालेनात, एक जण खालीच बसला. धाकटा जावई गोणी पाठीवर घेऊन निघाला आणि डब्याच्या तोंडाशी येऊन थांबला. पाठ करून बसलेल्या मुकादमाला ते कसं कळलं कोण जाणे, पावलांचा आवाज थांबला म्हणून असेल. तो उठला आणि सबंध दिवसात पहिल्यांदा वळला. घामाने निथळणाऱ्या जावयाकडे त्याने क्षणभर बघितलं. मग पुढे गेला, त्याच्या पाठीवरची गोणी आपल्या पाठीवर घेतली आणि डब्यात शिरला. मुकादम झाल्यापासून त्याने गोणी उचललेली कुणी पाहिली नव्हती. खाली बसलेला तो माणूस उठला. त्यानंतर शेवटचा डबा कसा भरला ते मला सांगता येणार नाही, सगळेच आत-बाहेर करत होते.

मी एकेका दाराला सील लावत गेले. उजेड अजून होता. इंजिन लागलं, गाडी फाट्यावरून हलली आणि मुख्य रुळांवर गेली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मुकादम शेजारीच उभा होता. म्हणाला, “आते सालभर राबनं शे, ताई.” आणि इतका खूश दिसत होता की बघत राहावं.

पुढे काही माल बदाबदा येऊन पडला असं नाही. पण कांद्याच्या आणखी गाड्या गेल्या, मग मका गेला, थंडीत खताची गाडीही पुन्हा इकडे वळली. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली ती दिवाळीनंतर पुन्हा गेली नाहीत. साहेब परत तपासणीला आले, चहा प्यायले, फाटा उखडण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी त्यांना दुसरा कप घ्यायला लावला.

दुसऱ्या वर्षीच्या आखाजीला गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलला मी महिनाभर आधीच बजावून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी फाटा रिकामा होता. मी हजेरी लावून निघाले होते, हातात ब्राह्मणपुरीची पिशवी. सकाळच्या पॅसेंजरमधून मुकादमाची लेक उतरली, मागे नवरा. नवऱ्याने आधी फाट्याकडे मान वळवली आणि मला विचारलं, “आज गाडी शे का?” नाही म्हटल्यावर तो मोकळा झाला आणि पत्त्यांच्या ओढीने पुढे निघून गेला.

लेक मात्र वस्तीच्या वाटेला लागली नाही. ती धक्क्याच्या कडेला आली, पिशवी खाली ठेवली, वाकली आणि रुळावरून बोटं फिरवून बघितली. रूळ घासून पांढरा झाला होता, उन्हात चमकत होता.

“गंज नही शे आते,” ती म्हणाली. मग तिने पिशवी उचलली आणि नाला ओलांडून माहेरी गेली.